पगारी दहा दिवस

१० जानेवारी १९४७, शुक्रवार

ही वही इंदिरावहिनींनी दिली. रोज चार ओळी लिहा म्हणजे अक्षर वळेल, म्हणाल्या. रोज लिहायला मी काही रिकामी नाही. घडेल ते लिहीन, नाही घडलं तर पान कोरं राहील.

इंदिरावहिनी म्हणजे मालकांची बायको. मालक गंगाधरपंत. लोणावळ्यात त्यांचा शेंगा फोडायचा आणि चिक्कीचा कारखाना आहे, त्यात मी, कस्तुराबाई, बायकांची मुकादमीण. हाताखाली तेवीस बायका. माझी शाळा दुसरीची, तीही अर्धी. तीन वर्षांमागं वहिनींनी मला जेवणाच्या सुट्टीत पाटी घेऊन बसवलं. कारखान्याचं सगळं लिहिणं त्याच करतात. मालकांचं अक्षर मालकांनाच लागत नाही.

आज भिंतीला सरकारी कागद लागला. वहिनींनी वाचून दाखवला. जिनं बारा महिने सलग काम केलं तिला पुढच्या सालात दहा दिवस रजा, पगारासकट. गेलं सगळं साल त्यात धरायचं. बायका हसायला लागल्या. रतनबाई म्हणाली, "घरी बसून पगार? सरकारला ताप भरलाय जनू!"

मालक म्हणाले, "इंग्रज निघाले, आणि जाता जाता कायदा ठेवून चालले." आणि आत गेले.

झुंबर हसली नाही. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "कस्तुरे, ही दहा दिस लावनीला घेतली तर चालतील का गं?"

तिचं मला ठाऊक आहे. वाकसईला अंबाजीचं भातखाचर ते वाट्यानं करतात. दत्तोबाचा, तिच्या नवऱ्याचा, पाय रेल्वेच्या यार्डात मालगाडीच्या वाघिणीखाली गेला. तो बांधावर बसून हाका मारतो, लावणी हिनंच करायची. गेल्या साली मालकांनी आषाढात कुणालाच सोडलं नाही, गेली तिची जागा गेली असं म्हणाले. झुंबर गेली नाही. अर्धं खाचर पडीक राहिलं. अंबाजीनं सांगून ठेवलंय, औंदा अर्धं राहिलं तर दुसऱ्याला देईन.

मी म्हणलं, "चालतील म्हंजे? चाललीच पायजेत. मी हाय ना."

१५ जानेवारी, बुधवार

काल संक्रांत. वहिनींनी सगळ्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं. असं आजवर कधी झालं नव्हतं. ओसरीवर सतरंजी, वाण म्हणून एकेकीला पितळी वाटी.

मी जाणार नव्हते. माझा नवरा जाऊन बारा वर्षं झाली, मला कोण कुंकू लावतंय? वहिनींनी माणूस पाठवून बोलावलं. म्हणाल्या, "तुम्ही माझ्याशेजारी बसा कस्तुराबाई. वही घ्या. प्रत्येकीचं माहेरचं नाव आणि सासरचं नाव लिहून काढा. आता रजेसाठी नावानिशी हजेरी लागणार, मागच्या वर्षाचीसुद्धा. आणि एवढ्या वर्षांत मला यांची नावंच धड माहीत नाहीत, याची लाज वाटते."

खरंच होतं. आजवर हजेरी नुसत्या आकड्याची. सकाळी मी डोकी मोजायची आणि ओरडायचं, तेवीस! वहिनी तेवीस लिहायच्या.

बायका आधी लाजल्या, मग सुटल्याच. रतनबाई म्हणाली, "माहेरचं नाव इचारता वहिनी, आता माहेराला बी धाडा की चार दिस!" नंदाबाईला तिचं आठवेना. नवव्या वर्षी लग्न झालं, तेव्हा नाव बदललं. मग मीच सांगितलं, हौसा. तिची मावशी माझ्या शेजारी राहायची. झुंबर म्हणाली, "ठकू. आई मेल्यापास्नं कुनी हाक मारली न्हाई त्या नावानं."

वहिनींनी तिच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणाल्या, "ठकू, घे. गोड बोल." झुंबरच्या डोळ्याला धार लागली.

तेवीस जणींची दोन-दोन नावं मी लिहिली. एकही चुकलं नाही. वहिनींनी वही पुन्हा पुन्हा बघितली. घरी जाताना माझे पाय जमिनीला लागत नव्हते, ते का लपवू?

२९ मार्च, शनिवार

तीन महिन्यांचा तक्ता पुण्याच्या कचेरीत जायचा आहे. त्याच्यासोबत मागच्या सालाची नावानिशी वही. वहिनींनी दोन महिने बसून ती तयार केली. जुने आकडे घेऊन प्रत्येक दिवसाला नावं मांडली. मला बोलावून म्हणाल्या, "हजेरी घेणाऱ्याची सही लागते. मालकांची चालत नाही, तुमचीच हवी."

आयुष्यात पहिल्यांदा माझी सही सरकारात जाणार. न वाचता मी करणार नव्हते. खुर्ची ओढून बसले आणि बोट ठेवून एकेक नाव वाचलं. एका पानावर ठकू, हौसा, भिमा. दुसऱ्या पानावर झुंबर, नंदा, रतन. मला वाटलं, बघा, माहेरच्या नावालासुद्धा पान दिलंय. कोण करतं एवढं?

काही नावांपुढं इंग्रजीत एक शब्द होता. माहेरच्या नावांपुढंच होता. मी विचारलं, हे काय?

"ते कचेरीसाठी असतं," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही नावं बरोबर आहेत का तेवढं पाहा."

नावं बरोबर होती. अकरा पानांवर सह्या केल्या. शेवटच्या सहीला हात चांगला बसला होता.

१२ मे, सोमवार

रजेच्या पाळ्या ठरवल्या. सगळ्या एकदम गेल्या तर कारखाना बंद पडेल, एवढं मलाही कळतं. ज्यांची रोपं आधी तयार होतात त्या आधी. वाकसईच्या पहिल्या, मग कार्ल्याकडच्या, नवलाख उंबऱ्याची रतनबाई शेवटी, तिच्याकडं पाणी उशिरा धरतात. रतनबाई भांडली. मी तिला गप्प केलं.

कागद वहिनींना दिला. त्यांनी घडी घालून टोपलीत ठेवला. म्हणाल्या, "बघू."

बघायचं काय त्यात? पण त्या थकलेल्या दिसल्या, म्हणून मी जास्त बोलले नाही. झुंबरला सांगितलं, आठ जुलैपास्नं तुझी रजा. तिनं अंबाजीला शब्द दिला, औंदा खाचराचा कोपरासुद्धा राहणार नाही.

१६ जून, सोमवार

भिंतीला यादी लागली. बारा महिने पुरे झालेल्यांची. तीन नावं. गुळाच्या कढईवरचे दोघे, हौशीराम आणि नथू. तिसरं माझं.

मी यादी दोनदा वाचली. कागद उलटून बघितला तर मागची बाजू कोरी. बायका माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मी म्हणलं, लिहिताना पान राहिलं असंल, उद्या इचारते.

१७ जून, मंगळवार

विचारलं.

वहिनी हिशेबाच्या खोलीत होत्या. मी म्हणलं, "वहिनी, यादीत बायका ऱ्हायल्या."

"राहिल्या नाहीत. कायद्याला सलग बारा महिने लागतात. त्यांचे भरत नाहीत."

"झुंबरचे भरत न्हाईत? ती एक दिस गेली न्हाई! खाचर पडीक टाकलं तिनं!"

त्यांनी वही काढली. माझ्याकडं न बघता वाचू लागल्या. "झुंबर दत्तोबा. कामावर लागली एक जून. म्हणजे डिसेंबरअखेर सात महिने."

"आन् त्याच्या आदी?"

"त्याच्या आधी ठकू होती. ती मे अखेर सोडून गेली."

मला आधी कळलंच नाही. मी म्हणलं, "अवो, ठकू म्हंजे झुंबरच की. तुमच्या ओसरीवर सांगितलं तिनं. तुमी तिळगूळ दिला तिला."

"वहीत दोन नावं आहेत, कस्तुराबाई. दोन नावं म्हणजे दोन बायका. एक गेली, दुसरी आली." मग त्यांनी पान माझ्यापुढं सरकवलं. त्या इंग्रजी शब्दावर बोट ठेवलं. "याचा अर्थ, सोडून गेली. आणि खाली सही तुमची आहे."

तेवीस बायका. प्रत्येकीचं असंच. कुणी मेमध्ये गेली, कुणी ऑगस्टात. सगळी नावं मी लिहिलेल्या यादीवरून उतरवलेली.

मी म्हणलं, "मला इंग्रजी येत न्हाई ते तुमाला ठावं व्हतं."

"तेवीस जणींचे दहा-दहा दिवस, कस्तुराबाई. गूळ कंट्रोलचा, शेंगा महाग. ह्यांना झोप नाही लागत. मी काय करायला हवं होतं?" मग आवाज मऊ करून म्हणाल्या, "तुमचे दहा दिवस मी आठवणीनं ठेवले. ह्यांनी तुमचंही नाव काढायला सांगितलं होतं. मी म्हटलं नाही, ती माझी माणूस आहे."

इथं खरं लिहिते. ती माझी माणूस आहे, हे ऐकून घटकाभर मला बरं वाटलं. तेवीस जणींचं बुडवून झाल्यावर. त्याची लाज मला वहिनीपेक्षा जास्त छळते आहे.

१९ जून, गुरुवार

बायकांना सगळं सांगितलं. वाटलं होतं चिडतील, मालकाच्या दारात जाऊन बसतील. चिडल्या, पण माझ्यावर.

रतनबाई म्हणाली, "सही तुजी, रजा तुला. आमी काय खुळ्या हाय का?"

"मला ठावं नव्हतं गं!"

"तीन वरसं पाटी घिऊन कशाला बसलीस मग?"

झुंबर एवढंच म्हणाली, "माजं नाव मी तुला सांगितलं व्हतं. तू लिवलंस." आणि पाठ करून शेंगा निवडायला लागली.

दुपारी मी पोस्टात गेले. सरकारी कागदावर खाली पुण्याच्या इन्स्पेक्टर कचेरीचा पत्ता होता, तो उतरवून घेतला होता. कार्ड लिहिलं. हितं येक बाई दोन केली हाय, येऊन बगा. खाली सही केली.

२४ जून, मंगळवार

काही नाही. बायका माझ्याजवळ जेवायला बसत नाहीत. दोन दिवस झाले, मी वजनकाट्यापाशी एकटी खाते. वहिनी येता-जाता हसून बोलते, जणू काही झालंच नाही. कार्डाचं मी झुंबरला तेवढं सांगितलं. म्हणलं, साहेब येऊ दे, तुझे दहा दिवस पदरात टाकते. ती शेंगांची टोपली उचलून गेली. मनात तरी बरं वाटलं असेल तिला.

२७ जून, शुक्रवार

साहेब आला. मराठी माणूस, डोक्याला टोपी, हातात चामड्याची पिशवी. मालकांनी चहा विचारला तर नको म्हणाला. मला वाटलं, हा बरा दिसतो.

बायकांना ओळीनं उभं केलं. त्यानं वही उघडली आणि मला म्हणाला, "बोला बाई. कार्ड तुमचं?"

"माजंच. सायेब, ह्या वहीतली ठकू आन् ही झुंबर येकच बाई हाय. हौसा आन् नंदा येकच. कुनी सोडून गेलं न्हाई, कुनी नवं आलं न्हाई. तेवीस बायका साल सरंस्तवर तेवीसच व्हत्या. मी रोज मोजत व्हते."

त्यानं झुंबरला पुढं बोलावलं. "तुमचं नाव?"

"झुंबर दत्तोबा."

"माहेरचं?"

"त्येच."

"लग्नात नाव बदललं नाही?"

"न्हाई सायेब."

"ठकू कोण?"

झुंबर पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होती. म्हणाली, "व्हती कुनीतरी. माज्या आदी. मला ठावं न्हाई."

मी ओरडले, "ठके! आईनं ठेवलेलं नाव हाय ते तुजं!"

ती ओळीत परत गेली.

मग एकेक. नंदाबाई, मी ऑगस्टात लागले. रतनबाई, मी पावसाळ्यात लागले, आणि वर म्हणाली, "ह्या बाईचं डोस्कं फिरलंय सायेब. मुकादमीन हाय, पर आमचं बरं बगवत न्हाई तिला." कुणीतरी हसलं. तेवीसच्या तेवीस जणींनी असंच सांगितलं.

साहेबानं मला विचारलं, "ही सही तुमची?"

"माजीच."

"वाचून केलीत?"

"मराठी वाचलं."

त्यानं वही मिटली. वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "बाई, मला लिहिलेलं बघता येतं आणि सांगितलेलं ऐकता येतं. इथं दोन्ही एकच सांगतंय. तुम्ही एकट्याच वेगळं म्हणताय." आणि बाराच्या गाडीनं पुण्याला गेला.

वहिनी दारात उभी होती. तिला काही बोलायची गरजच पडली नाही.

२८ जून, शनिवार

नंदाबाईनं नळावर सांगितलं. काल नाही, परवाच सगळ्यांना मालकांनी ओसरीवर बोलावलं होतं. मला सोडून. साहेब येणार हे त्यांना आधीच कळलं होतं. ते म्हणाले, केस झाली तर कारखान्याला कुलूप. गप्प बसलात तर लावणीला पाळीनं पाच-पाच दिवस सोडतो, बिनपगारी, पण परत आल्यावर जागा शाबूत. वहिनीनं पाळ्यांचा कागद वाचून दाखवला.

मी विचारलं, कसला कागद?

"तूच केला व्हतास की. वाकसईच्या आदी, मग कार्ल्याकडच्या. फकस्त दहाचे पाच केलेत."

"आन् पयली व्हय कोन म्हनलं?"

नंदाबाई घागर उचलायला लागली. मी धरून ठेवली.

"झुंबर," ती म्हणाली. "आन् सायेब यायचा हाय हे बी तिनंच सांगितलं मालकास्नी. तिचं खाचर जातंय गं कस्तुरे. तुजं काय जातंय?"

मालकाचा मला राग येत नाही, तो मालक आहे. वहिनीचा येतो, पण ती त्याच्या घरची, तिला त्याच्या पंगतीला बसायचंय. झुंबरला मी काय केलं होतं? तिच्यासाठीच कार्ड टाकलं आणि ते फक्त तिलाच सांगितलं. नळावरून आल्यापासून विचार करते आहे. तिच्या जागी मी असते तर पाच खरे दिवस घेतले असते की दहा कागदावरचे? पाचच घेतले असते. तरी राग जात नाही. जावा असंही वाटत नाही.

७ जुलै, सोमवार

झुंबर काल रविवारीच गेली लावणीला. तिचे पाच दिवस आजपासून सुरू झाले. पाच दिवसांत एकट्या बाईचं ते खाचर होत नाही, हे तिला माहीत, मला माहीत, अंबाजीलाही माहीत.

माझी रजा उद्यापासून. वहिनीनं पगार पाकिटात घालून तयार ठेवला होता. पाकिटाशेजारी दुसऱ्या तीन महिन्यांचा तक्ता. त्यात पुन्हा तीच दोन-दोन नावं, आणि आता झुंबर-रतनपुढंसुद्धा तो इंग्रजी शब्द बसलेला. म्हणजे पुढच्या सालीही कुणाचे बारा महिने भरणार नाहीत.

"सही करा आणि दहा दिवस मजेत राहा," वहिनी म्हणाली. "मनात ठेवू नका. मी काही तुमच्यावर रागावलेली नाही."

ती माझ्यावर रागावलेली नाही!

मी टाक उचलला नाही. म्हणलं, "वहिनी, माजं माहेरचं नाव लिवा त्या वहीत."

"तुमचं कशाला? तुमचे बारा महिने पुरे आहेत."

"लिवा. सरूबाई. सोमाटन्याची. आन् त्याच्याम्होरं तो तुमचा इंग्रजी शबुद लिवा. आज तारीख सात. तेवढं येक पान तरी खरं व्हऊ द्या."

माझ्यामागं मुकादमीण कोण, सही कोण करणार, हेच तिच्या डोक्यात चाललं असावं. म्हणाली, "डोकं थंड करा. या वयात दुसरं काम कोण देणार तुम्हाला?"

"त्ये मी बगंन. लिवता का न्हाई?"

तिनं लिहिलं नाही. दौतीचं झाकण लावलं. मी पाकीट तिथंच ठेवून निघाले. जिन्यावर आठवलं की माझी दोन लुगडी आणि डबा आत राहिला. परत गेले नाही.

८ जुलै, मंगळवार

सकाळी चालत वाकसईला गेले. कारखान्याची वाट नव्हती तर कुठं जाणार? पाय तिकडं वळले म्हणावं तर तसंही नाही, ठरवूनच गेले होते.

झुंबर खाचरात होती. निम्म्याच्या आत झालं होतं. दत्तोबा बांधावर पोतं पांघरून बसला होता, त्यानं मला बघून हाक मारली, झुंबरनं मान वर केली आणि परत खाली घातली. मी लुगडं खोचलं, रोपाची जुडी सोडली आणि तिच्यापासून लांब, पलीकडच्या कोपऱ्यातून लावायला घेतलं.

दुपारपर्यंत माझ्या चार जुड्या लावून झाल्या. मग तीच म्हणाली, "रजा घिऊन आलीस का?"

"काम सोडून आले."

ती उभी राहिली. हातातनं चिखलाचं पाणी गळत होतं. "येडी हाईस का तू? माज्यासाटी सोडलंस?"

"तुज्यासाटी न्हाई."

"मग खाचरात कशाला आलीस?"

"अंबाजीला कोपरा बी दिसू नये म्हनून. वाक खाली, रोप सुकतंय."

तिनं भाकर दिली, चटणी दिली. मी खाल्ली. भुकेशी माझं भांडण नाही. ती रडली, मी बघितलं आणि दुसरीकडं बघितलं. ती काहीतरी सांगायला लागली, पोरं, जागा, दत्तोबा. मी म्हणलं, आता नको.

अजून तीन दिवसांचं काम आहे, दोघी असलो तर. उद्या जाणार, परवा जाणार, तेरवाही जाणार. खाचर पुरं करणार. तिच्याशी पूर्वीसारखं बोलेन का, ते आज सांगता येत नाही. बहुतेक नाही.